बोर्डिंगची विहीर आणि आपला ऊस



जून महिना उजाडला की आपल्या कार्यक्षेत्रातील शाळा-बोर्डिंगांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. खड्डे खणलेले असतात, पाहुणे येतात, रोपे लागतात, फोटो निघतो, पोरं घोषणा देतात. आम्हा शेतकी खात्याच्या माणसांनाही बोलावणे असते आणि आम्ही आनंदाने जातो. झाड लावणे केव्हाही चांगलेच. परंतु पर्यावरण हा विषय वर्षातल्या त्या एका दिवसापुरता उरू लागला आहे, हे काही आम्हास बरे वाटत नाही. बोर्डिंगात पोरगं दहा महिने राहतं. तिथेच न्हातं, जेवतं, कपडे धुतं, झोपतं. पाणी किती लागते, जळण किती जळते, अन्न किती वाया जाते, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसते. पर्यावरणाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा कोणती?

ऊस विकास खात्याने बोर्डिंगवर का लिहावे, असे काही सभासद विचारतील. कारण सरळ आहे. बोर्डिंगात आपलीच पोरं आहेत. आणि बोर्डिंगच्या विहिरीचे पाणी जमिनीखाली आपल्या उसाच्या पाण्याशी जोडलेले आहे. बोर्डिंगने कितीही काटकसर केली आणि आपण शेजारी मोटर रात्रभर चालू ठेवली, तर त्या काटकसरीला अर्थ राहत नाही. आजचा आमचा मुद्दा हाच आहे.

बोर्डिंग ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची पोरं एका पंगतीला जेवली ही त्यातली मोठी गोष्ट. पण त्या बोर्डिंगची दुसरीही एक बाजू आहे. पैसा नव्हता म्हणून पोरांनी स्वतः पाणी भरायचे, स्वयंपाकाला हात लावायचा, शेतात राबायचे. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या घरात दागिना मोडून धान्य येते, त्या घरात भाताचे शीतही कोणी टाकत नाही. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. स्वावलंबन हा शब्द मात्र होता, आणि काम तेच होत होते.

आता दिवस पालटले. बऱ्याच बोर्डिंगांत गॅस आला, नळ आले, अनुदान आले. हे चांगलेच झाले. पोरांनी पुन्हा डोक्यावर हंडे वाहावेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र नळ आला तसा हिशेब गेला. हौदातून तांब्याने पाणी घेणारा पोरगा तांबे मोजतो. नळाखाली बसलेला कशाला मोजेल? म्हणून आम्ही म्हणतो, सोय राहू द्या, पण हिशेब परत आणा.

हा हिशेब अवघड नाही. शंभर मुलांचे एक बोर्डिंग धरू.

पहिले पाणी. जलजीवन मिशनने २०१९ पासून खेड्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे माप धरले आहे. म्हणजे शंभर मुलांना दिवसाला ५,५०० लिटर झाले. यातले पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी थोडे. अंघोळ, कपडे आणि भांडी यांचे पाणी जास्त, आणि ते बहुतेक सगळे मोरीतून परत बाहेर येते. दिवसाला तीन-साडेतीन हजार लिटर सांडपाणी हाती लागते असे धरायला हरकत नाही. आज ते बहुतेक ठिकाणी बोर्डिंगच्या मागे डबके करून राहते, त्यावर डास होतात आणि पावसाळ्यात पोरं तापाने फणफणतात. आपल्या घरच्या जुन्या बायाबापड्यांनी मोरीच्या पाण्यावर केळ आणि आळू लावले होते ते काही उगाच नव्हे. भर उन्हाळ्यात केळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. या हिशेबाने बोर्डिंगच्या सांडपाण्यावर दीडशे केळी आरामात जगतात. पाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून आणि मग कर्दळीच्या वाफ्यातून काढावे, म्हणजे साबणाचा आणि तेलकटपणाचा त्रास कमी होतो. कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये. मेथी-कोथिंबिरीला चांगलेच पाणी द्यावे.

दुसरे जळण. गॅसची टाकी संपली किंवा बिल थकले की अजूनही मोठ्या भट्ट्या लाकडावर पेटतात, आणि ते लाकूड कुठून येते? आपल्याच बांधावरच्या बाभळी आणि लिंबावर कुऱ्हाड पडते. जे बोर्डिंग चार जनावरे पाळते, त्याने गोबरगॅसचा विचार जरूर करावा. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि एक घनमीटर गॅस साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. दहा जनावरांचे शंभर किलो शेण म्हणजे चार घनमीटर गॅस, म्हणजे रोजचे चौदा किलो लाकूड वाचले. शेणही वाया जात नाही. बाहेर पडणारी स्लरी हे उत्तम खत आहे. गोवऱ्या थापून जाळल्या तर हे खत राखेत जाते.

तिसरी गोष्ट बोलायला लोकांना संकोच वाटतो, ती संडासाची. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करून दाखविले. देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेला गॅस प्लँट गावोगाव नेला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका माणसामागे दिवसाला सुमारे एक घनफूट गॅस असे याचे ढोबळ माप आहे. शंभर पोरांमागे शंभर घनफूट, म्हणजे जवळजवळ दहा किलो लाकडाचे काम. एवढ्यावर सगळा स्वयंपाक होणार नाही. अंघोळीचे पाणी किंवा सकाळचा चहा मात्र होतो. मुख्य म्हणजे मैला ओढ्यात जात नाही.

चौथे अन्न. मामा वाढत जातात आणि पोरं "अजून, अजून" म्हणतात. शेवटी प्रत्येक ताटात मूठभर भात उरतो. मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम धरा. शंभर ताटांत पाच किलो शिजलेला भात, महिन्याला दीडशे किलो. त्याला तांदूळ लागला असेल सुमारे पन्नास किलो. म्हणजे दर महिन्याला एक पोते उकिरड्यावर! यावर उपाय पैशाचा नाही. जेवण झाल्यावर उरलेले एका बादलीत टाकायचे, तागडीने तोलायचे आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. पोरं आपोआप आकडा खाली आणतात. पोरांना आकड्यांची चुरस आवडते. त्यातूनही उरले ते जनावरांना किंवा गांडूळखताला.

सांगावयाचे तात्पर्य, या चारही गोष्टींत बोर्डिंग स्वतः करू शकते असे बरेच आहे, आणि जिथे रेक्टर आणि पोरं मनावर घेतात तिथे ते होतेही. पण विहिरीचे काय? इथून पुढचे बोलणे तुमच्या-आमच्यातले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका बोर्डिंगची विहीर तळाला गेली. दहावीची तेवढी मुले ठेवून बाकीच्यांना वार्षिक परीक्षेच्या आधी पंधरा दिवस घरी धाडावे लागले. ज्यांचे घर जवळ होते ती एसटीने ये-जा करून परीक्षेला बसली. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला परगावी गेले होते, त्यांनी कुठे जायचे? काही आजीकडे गेली, काही थेट फडावर गेली. या बोर्डिंगने पाण्याची उधळपट्टी केली असे कोणी म्हणू शकत नाही. तिथे सांडपाण्यावर केळी आहेत, नळांना वेळ ठरलेली आहे. त्या विहिरीच्या चहूबाजूंनी मात्र ऊस आहे, आणि त्या उसात अलीकडे बोअर वाढले आहेत.

आता आपला हिशेब करू. एक एकर उसाला मोकाट पाण्याची एक पाळी आठ सेंटिमीटरची धरली तर सव्वातीन लाख लिटर पाणी लागते. शंभर मुलांचे बोर्डिंग तेवढ्या पाण्यात ५९ दिवस चालते. पुन्हा वाचावे: एका एकराची एक पाळी म्हणजे शंभर पोरांचे जवळजवळ दोन महिने. आणि आपण उन्हाळ्यात पाळ्या किती देतो ते आपणास ठाऊकच आहे.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करा, म्हणजे मन हलके होईल. साठ-सत्तर फूट विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी काढते. बोर्डिंगचे दिवसभराचे पाणी म्हणजे आपल्या एका मोटरीची तेरा-चौदा मिनिटे! रात्रीच्या लाईटला मोटर ऑटोवर टाकून आपण झोपतो, सरी फुटते, पाणी ओढ्याला लागते आणि सकाळी दारे धरणारा गडी कपाळाला हात लावतो. त्या एका रात्री जे वाहून गेले त्यात बोर्डिंगचा पंधरवडा निघाला असता.

हे बोललो की सभासद आम्हास म्हणतात, "साहेब, विहीर आमची, लाईटबिल आमचं, पाणी आमचंच की." तात्या, विहीर तुमची हे कबूल. पण जमिनीखाली बांध नसतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असे १९९३ च्या कायद्याने सांगितले होते, आणि पुढे २००९ चा भूजल कायदा आला. बोर्डिंगच्या विहिरीला कायद्याचे कलम लागू पडो न पडो, त्यामागचा विचार लागू पडतोच: पिण्याचे पाणी आधी, पीक नंतर. हे आपल्या आज्या-पणज्यांनाही कायद्यावाचून समजत होते. तहानलेल्याला विहिरीवरून माघारी धाडले, असे कोणी आपल्या घराण्याबद्दल बोललेले आपणास खपले असते काय?

दुसरे सभासद विचारतात, "ऊस कमी करा म्हणता का? मग कारखान्याला ऊस कुठून?" प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हालाच विचारला पाहिजे, कारण ऊस वाढविणे हेच आमचे काम. आमचे उत्तर असे, की टनेज वाढवावयाचे ते एकरी वाढवावे. आडसाली उसाला मोकाट पद्धतीने हेक्टरी साडेतीनशे सेंटिमीटरच्या घरात पाणी जाते. ठिबकवर हेच पीक चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी पाण्यात येते, आणि खतही मुळाशी पडल्याने उत्पादन घटत नाही, वाढते. जादा पाण्याने ऊस जाड होतो हा भ्रम आहे. वाफसा न येता पाणी देत राहिल्याने चोपण आणि पाणथळ झालेल्या जमिनी कृष्णाकाठाला डोळ्यांनी दिसतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. लातूरच्या भागातही ऊस होता, कारखाने होते. नुसता ऊस असून भागत नाही हे त्यावरून दिसले.

तिसरा विषय पाचटाचा. तोड झाली की काडी लावायची सवय अजून पुरती गेलेली नाही. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघते. ते जाळले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय माल धुरात जातो, आणि तो धूर वाऱ्याने थेट बोर्डिंगच्या अभ्यासाच्या खोलीत शिरतो. फेब्रुवारी-मार्च म्हणजे पोरांच्या अभ्यासाचे दिवस आणि आपले जाळण्याचेही दिवस. तेच पाचट खोडव्यात सरीत पसरले, त्यावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, तर त्याचे जागेवर खत होते, तण कमी येते आणि ओल टिकते. ओल टिकली की पाणी देण्याच्या पाळ्या कमी होतात. वाचलेली एक पाळी म्हणजे काय, तो हिशेब वर केलाच आहे.

तेव्हा आमच्या नम्र सूचना अशा.

एक. ज्या गावी बोर्डिंग आहे, त्या गावच्या गटातील सभासदांनी फेब्रुवारीअखेर एकत्र बसावे आणि मार्चपासून शाळा सुटेपर्यंत बोर्डिंगच्या हौदाला रोज पंधरा मिनिटे पाणी कोणाच्या मोटरीने द्यायचे, याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. पंधरा सभासद असतील तर एकाला पंधरवड्यातून एकदाच पाळी येते. बैल पोळ्याच्या आणि जत्रेच्या वर्गणीला आपण जमतो, तसेच याला जमावे.

दोन. बोर्डिंगच्या विहिरीभोवतालच्या उसाला ठिबक आधी व्हावे. ठिबकच्या योजनांचे अर्ज गटकार्यालयात भरून घेताना या प्लॉटना प्राधान्य द्यावे, अशी आमची व्यवस्थापनाकडे शिफारस राहील. ज्यांना ठिबक लगेच जमत नाही, त्यांनी उन्हाळ्यात निदान एक आड एक सरी पाणी द्यावे.

तीन. बोर्डिंगच्या चतुःसीमेला लागून असलेल्या उसात पाचटाला काडी लागू नये. तोडीच्या टोळीच्या मुकादमालाही हे आधीच सांगावे.

चार. बोर्डिंगच्या परसबागेला आणि केळीला खत लागते. ज्यांचा कंपोस्टचा किंवा शेणखताचा ढीग मोठा आहे, त्यांनी वर्षाला बैलगाडीभर खत द्यावे. उलट, ज्या पोरांच्या हाताला बोर्डिंगात ठिबकची आणि गांडूळखताची सवय लागेल, ती पोरं उद्या घरी येऊन बापाला शिकवतील. खत देऊन ज्ञान मिळाले तर सौदा वाईट नाही.

पाच. बोर्डिंगच्या चालकांनाही आमचे सांगणे आहे. पाणी, जळण आणि उरलेले अन्न यांचे रोजचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि ते आकडे दर महिन्याला गावच्या सभेत वाचून दाखवावेत. ज्याचा हिशेब उघडा असतो त्याला पाणी द्यायला कोणी नाही म्हणत नाही. नळ ठिबकत ठेवून शेजाऱ्याकडे पाणी मागायला जाणे शोभणार नाही.

या सूचनांत कारखान्याचा फार पैसा जात नाही आणि सभासदाचा ऊस सुकत नाही. लागते ती फक्त थोडी शिस्त. आपण सहकारी तत्त्वावर कारखाना उभा केला, तो एकेकाच्या विहिरीवर उभा राहिला नाही. शेअर गोळा झाले, सगळ्यांचा ऊस एका काट्यावर आला, तेव्हा चाक फिरले. ऊस एका काट्यावर येतो, मग पाण्याचा हिशेबही एका फळ्यावर यायला काय हरकत आहे?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी ज्या गटांनी अशा पाळ्या ठरविल्या असतील, त्यांनी आपल्या गटकार्यालयात कळवावे. शेतकी खात्याची माणसे पाळ्यांचा तक्ता करून देण्यास येतील. दिवाळीनंतर आपण गळिताच्या धांदलीत पडू, आणि धांदल संपते तेव्हा मार्च उजाडलेला असतो. विहीर आटल्यावर बैठक घेण्यात अर्थ नाही. म्हणून बोलणे आताच झालेले बरे.

आपल्या पोरांना वर्षभर एका जागी राहून शिकता यावे, एवढे पाणी आपल्या जमिनीखाली अजून आहे. ते त्यांच्यासाठी राखावे, ही विनंती.